साप पाण्याच्या भांड्यातून बाहेरच येत नाही : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

आखाजीच्या आसपास घरोघरी कूलर सुरू होतात आणि तिथून पार पोळ्यापर्यंत माझ्याकडे एकच तक्रार येत राहते, सापाच्या अंगावर काळे ठिपके दिसतायत. मी मूळचा गाई म्हशींचा डॉक्टर, पण गेल्या काही वर्षांत जळगाव धुळे भुसावळची पोरं बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक असे पाळलेले परदेशी साप टबात घालून घेऊन यायला लागली तसा हा विषय शिकत गेलो. यावेळी सगळे प्रश्न माइट्सचेच, म्हणजे सापाचं रक्त पिणाऱ्या या बारीक किड्यांचेच घेतलेत, कारण पत्रं वाचताना दिसलं की जवळपास प्रत्येकजण सापावर औषध मारतोय आणि साप ज्या टँकमध्ये राहतो तिकडे कोणी बघतच नाहीये. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलंय म्हणून फक्त गाव देतोय.

प्रश्न : डॉक्टर साहेब नमस्कार, माझ्याकडे दीड वर्षाचा बॉल पायथन आहे, वजन ७०० ग्रॅमच्या आसपास. आठ दिवस झाले तो पाण्याच्या भांड्यातच बसून राहतो, दिवस नाही रात्र नाही, बाहेर काढून ठेवला तरी तासाभरात परत पाण्यात. आधी वाटलं उकाडा आहे म्हणून असेल, त्याच्या खोलीत कूलर लावला तरी तेच. मागच्या आठवड्यात उंदीर दिला तोही घेतला नाही. काल पाणी बदलताना तळाला मोहरीपेक्षा बारीक काळे कण दिसले, मी म्हटलं टँकमध्ये अंथरलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असेल, पण मित्र म्हणतो माइट्स आहेत. खरंच तसं आहे का, आणि असेल तर करायचं काय? (जळगाव)

उत्तर : भाऊ, तुमचा मित्र बरोबर बोलतोय असं दिसतंय, पण आधी एक गोष्ट तपासा कारण आपल्या जळगावात ती फार महत्त्वाची आहे. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत साप ठेवला असेल तर तो निव्वळ गरमीने पाण्यात बसतो. बॉल पायथनला गरम बाजूला ३१-३२ अंश आणि थंड बाजूला २५-२६ लागतं, खोलीच ३७-३८ वर असेल तर तो दुसरं करणार तरी काय. कात टाकायच्या आधीही काही साप पाण्यात बसतात. म्हणून टँकमध्ये थर्मामीटर ठेवा, अंदाजाने बोलू नका.

आता तपासणी. पांढरा टिश्यू पेपर थोडा ओला करा, सापाला हातात सैल धरून मानेपासून शेपटीपर्यंत हळू फिरवा आणि मग तो टिश्यू उजेडात दोन मिनिटं नुसता बघत बसा. कोकोपीटचा कण चालत नाही, माइट चालतो. पोट भरलेला चिरडला तर लालसर डाग पडतो, ते तुमच्या सापाचं रक्त असतं. मग टॉर्च घ्या आणि डोळ्याची कड, हनुवटीखाली मधोमध जी घडी असते ती, ओठांजवळच्या खाचा आणि मलद्वाराजवळचे खवले नीट बघा, माइट्स तिथे खवल्याखाली घुसून बसतात आणि तो खवला थोडा उचललेला दिसतो. अंगावर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी पूड दिसली तर ती माइट्सची विष्ठा. पाण्याच्या तळाला जे काळे कण आहेत ते बुडून मेलेले माइट्स, साप पाण्यात बसतो तो त्यांच्यापासून सुटका व्हावी म्हणूनच.

या किड्याचं शास्त्रीय नाव ऑफिओनिसस नॅट्रिसिस, मोठी झालेली मादी जेमतेम एक मिलिमीटरची, रक्त पिऊन फुगली की थोडी जास्त. आपल्या गोठ्यातल्या गोचिडाचा लांबचा भाऊबंद म्हणा. पण एक फरक आहे आणि सगळी गोम त्याच्यात आहे, हा पूर्ण वेळ सापावर राहत नाही. मादी पोट भरलं की सापावरून उतरते, टँकच्या भिंतीवर चढते, कोपऱ्यात फटीत अंधारात ओलसर जागा शोधते आणि तिथे अंडी घालते, आयुष्यात ६० ते ८०. अंडं दोन-चार दिवसांत फुटतं, त्यातून निघालेलं पिल्लू काही खात नाही, एक कात टाकतं, मग मात्र ते रक्त शोधायला निघतं. पिऊन झालं की परत कात, परत एक न खाणारी अवस्था, आणि मग पूर्ण वाढ. उबदार आणि दमट हवा मिळाली तर हे सगळं दोन आठवड्यांच्या आत-बाहेर उरकतं. म्हणजे आज तुम्ही सापाच्या अंगावर वीस माइट्स बघताय तर त्याच वेळी टँकच्या सांध्यात, झाकणाच्या खोबणीत, लाकडाच्या तुकड्याखाली त्यांची पुढची फळी तयार होत असते.

आणि आता कूलरचं. या माइटला २५ ते ३० अंश आणि भरपूर ओलावा ही हवा सगळ्यात मानवते, आपल्याकडे बाहेरची हवा उन्हाळ्यात कोरडी ठक्क असते, त्यात कदाचित तो सुकून मेलाही असता, पण आपण खोली बंद करून वाळ्याच्या किंवा गवताच्या पॅडचा कूलर लावतो आणि त्याला पाहिजे तशी हवा घरातच करून देतो. म्हणून कूलर बंद करा असं मी म्हणत नाहीये, साप उकडून मरेल, फक्त कूलरचा झोत थेट टँकवर नको आणि एक खिडकी उघडी राहू द्या. काहीजण हे वाचून टँक एकदम कोरडाच करून टाकतात, तेही नको, बॉल पायथनला ५५-६० टक्के ओलावा लागतो, नाहीतर कात अडकते आणि अडकलेल्या कातीखाली माइट्सना आयती जागा मिळते.

करायचं काय तर पहिल्या दिवशी साप एका साध्या प्लास्टिकच्या टबात घ्या, झाकणाला भोकं पाडलेल्या, खाली फक्त पांढरा किचन टॉवेल, एक पाण्याचं भांडं, लपायला पुठ्ठ्याचा डबा जो दोन दिवसांनी फेकून देता येईल. बस, बाकी काही नाही. कोमट पाण्याची अंघोळ द्या, पाणी ३० अंशाच्या आसपास, सापाच्या अर्ध्या जाडीपेक्षा वर नको, अर्धा तास, आणि तुम्ही समोर बसलेलं पाहिजे. यात बरेच माइट्स बुडतात पण सगळे नाही, काही डोक्याकडे पळतात, तिथे कापसाच्या बोळ्याला थेंबभर खोबरेल तेल लावून डोळ्याच्या कडेने आणि हनुवटीखाली हलकं पुसा. डोळ्यावर जुनी कात चिकटली असेल तर नखाने ओढू नका, डोळा जाईल.

जुन्या टँकमधलं कोकोपीट सगळं पिशवीत बांधून त्याच दिवशी घराबाहेर. लाकूड, सालं, वेली फेकून द्या, जीव अडकला असला तरी फेका. दगड आणि सिरॅमिकचं भांडं उकळत्या पाण्यात धुवा, ५५ अंशाच्या वर हा किडा आणि त्याची अंडी टिकत नाहीत. काचेचा टँक गरम पाणी आणि साबणाने घासा, प्रत्येक सिलिकॉनची कड जुन्या टूथब्रशने. टँक ज्या टेबलावर होता ते टेबल, मागची भिंत, खालची फरशी, हेसुद्धा. हे असं आठवड्यातून दोनदा, आणि टबातला टॉवेल रोज बदलायचा.

औषध लागतंच बहुतेक वेळा, ते तुमच्या सापाला बघून डॉक्टरने ठरवायचं. साधारणपणे कुत्र्यांसाठी मिळणारा फिप्रोनिलचा स्प्रे कापडावर मारून त्या कापडाने साप पुसला जातो, तोंड आणि डोळे सोडून, आणि सात ते दहा दिवसांनी परत, कारण अंड्यांवर औषध चालत नाही, ती फुटून बाहेर येणाऱ्यांसाठी दुसरी तिसरी खेप लागते. पुसल्यावर अंग वाळेपर्यंत हवा खेळती ठेवायची आणि पाण्याचं भांडं काही तास बाहेर. एक चूक मी डोळ्याने पाहिलीय म्हणून सांगतो, स्प्रेमध्ये फिप्रोनिल पाव टक्का असतं आणि कुत्र्याच्या मानेवर सोडायची जी छोटी ट्यूब मिळते तिच्यात जवळपास १० टक्के, म्हणजे चाळीस पट. दुकानदार म्हणतो एकच औषध आहे, नाव एक आहे हो पण ताकद नाही. ट्यूब सापाला लावायची नाही.

आणि तो खात नाहीये म्हणून जबरदस्ती भरवू नका. तोंड उघडून आतला रंग बघता आला तर बघा, गुलाबी आहे का पांढुरका. पांढुरका असेल तर रक्त फार गेलंय, तेव्हा पत्राच्या उत्तराची वाट बघायची नसते, लगेच डॉक्टर गाठायचा.

प्रश्न : भाऊ, मना सापले गोचीड व्हयनात म्हणून गोठ्यातलं गोचिडाचं औषध एक झाकण अर्ध्या बादलीत टाकून त्या पाण्याने कॉर्न स्नेक पुसला. रात्री पासून त्याचं डोकं थरथरतंय आणि उलटा केला तर सरळ होत नाही. घरात गाईचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन पण आहे, ते अर्धा मिली देऊ का? सोबत त्याच खोलीत काचेच्या टाकीत पाण्यातलं कासव पण आहे. (चोपडा)

उत्तर : या दादांना मी पत्र मिळाल्याबरोबर फोन केला होता, साप वाचला, चार दिवस लागले, आता एक पिंकी (उंदराचं नुकतं जन्मलेलं पिल्लू) खाल्ली म्हणाले. इथे उत्तर छापतोय ते बाकीच्यांसाठी, कारण आपल्या खान्देशात प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी गोठ्याच्या फळीवर ही बाटली असते आणि हात आधी तिकडेच जातो.

गोचिडाच्या बऱ्याच औषधांत डेल्टामेथ्रिन नाहीतर अमिट्राझ असतं. गाईचं वजन चारशे किलो, चामडी जाड, अंग गरम. कॉर्न स्नेक दोनशे-पाचशे ग्रॅमचा, थंड रक्ताचा, त्याच्या अंगातून विष निघून जायला फार वेळ लागतो. डोकं थरथरणं, मान वर करून आकाशाकडे बघत राहणं, तोंड उघडून श्वास, उलटा केल्यावर सरळ न होणं, ही सगळी विषाची लक्षणं. असं झालं तर आधी कोमट पाण्याने अंग पुन्हा पुन्हा धुवा, थंड पाणी नको, मग कोरडा करून स्वच्छ टबात कागदावर ठेवा, टब त्याला लागते तेवढ्या उबेत, हवा खेळती, अंधार, हाताळायचं नाही, आणि डॉक्टरला बाटलीचं लेबल वाचून दाखवायचं. दूध, तूप, लिंबू काही पाजायचं नाही.

आता आयव्हरमेक्टिन. हे सापाच्या माइट्सवर डॉक्टर वापरतात, पण हिशोब बघा. गाईचं इंजेक्शन १ टक्क्याचं, म्हणजे एका मिलीत १० मिलिग्रॅम. सापाला एका किलोला ०.२ मिलिग्रॅम धरतात. म्हणजे एक किलोच्या सापाला ०.०२ मिली, थेंबाचाही भाग, आणि तो नीट मोजता यावा म्हणून आम्ही आधी पातळ करून घेतो. तुम्ही विचारताय तो अर्धा मिली म्हणजे पंचवीस पट, आणि तुमचा साप तर किलोचाही नाही. आधीच विषबाधा झालेल्या जनावराला हे दिलं असतं तर हातात काही राहिलं नसतं.

कासवाचं विचारलं ते फार बरं केलं. कासवाला आयव्हरमेक्टिन कधीच नाही, कुठल्याच जातीच्या, थोडंसुद्धा नाही, त्याने लकवा होतो आणि कासव मरतं. त्या खोलीत सापासाठी काहीही स्प्रे करायचा असेल तर कासवाची आणि माशांची टाकी आधी दुसऱ्या खोलीत न्यायची, डेल्टामेथ्रिनसारखी औषधं पाण्यातल्या जिवाला फार लवकर लागतात.

डांबरगोळ्या, घासलेट, तंबाखूचं पाणी, फिनेल, उंदराच्या बिळात टाकायची पावडर, हे सगळं लोकांनी करून पाहिलंय आणि मी त्यातले मेलेले साप पाहिलेत. बंद टँकमध्ये डांबरगोळी म्हणजे त्या जिवाला पळायला जागा न ठेवता विषारी वास कोंडणं आहे.

प्रश्न : माझा मुलगा बारावीला आहे, त्याने हट्टाने साप आणला, मी काही बोलले नाही कारण तो त्याची मनापासून काळजी घेतो. आता पंधरा दिवसांपासून माझ्या मनगटावर आणि कोपरावर लाल पुरळ येतेय आणि खाज सुटते. सासूबाई म्हणतात सापाचे किडे घरभर झालेत, सापाला आणि पोराला दोघांना बाहेर काढा. हे किडे माणसाला लागतात का? घरात लहान बाळ आहे. (धुळे)

उत्तर : ताई, आधी तुमच्या सासूबाईंना सांगा की हा किडा माणसाच्या अंगावर घर करत नाही, केसात कपड्यात राहून वाढत नाही, त्याला सापासारखं सरपटणारं जनावरच लागतं. पण चावतो, हे खरं आहे. माइट्स फार वाढले की ते टँकबाहेर फिरतात, हातावर आले की चावून बघतात आणि काहींना त्याचं पुरळ येतं. सापाचा इलाज झाला की हे थांबतं. पुरळ गेलं नाही किंवा पसरलं तर त्वचेच्या डॉक्टरला दाखवा आणि घरात साप आहे हे त्यांना आवर्जून सांगा, लाजू नका, नाहीतर ते खरुज समजून भलतंच मलम देतील.

टँकजवळचे पडदे, चादरी गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवा. फरशी झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं साबणाच्या गरम पाण्यात टाका. टँक बाळाच्या खोलीत असेल तर आजच हलवा. खरं म्हणजे बाळाच्या दृष्टीने मला माइटपेक्षा हात न धुण्याची जास्त काळजी वाटते, सापाच्या विष्ठेतून साल्मोनेला नावाचे जिवाणू येतात, म्हणून साप किंवा त्याचं भांडं हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय बाळाला घ्यायचं नाही, आणि सापाची भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत धुवायची नाहीत. हा नियम मुलाला करा, तो पाळेल, जो मुलगा सापाची एवढी काळजी घेतो तो बाळाची का नाही घेणार.

सापाला बाहेर काढू नका. परदेशी साप शेतात सोडणं म्हणजे त्याला मारणं, आणि त्याच्या अंगावरचे किडे आपल्या सापांना देणं. पोराला तर अजिबात काढू नका.

प्रश्न : मी सर्पमित्र आहे, केळीच्या बागेतून धामण पकडली, तिच्या खवल्यांत आठ-दहा गोचीड चिकटलेत, फुगलेले. घरी माझा बॉल पायथन पण आहे. धामणीला चार दिवस घरी ठेवून गोचीड काढून मग सोडू का? (यावल)

उत्तर : नाही भो, घरी न्यायची नाही. तुम्ही चांगल्या मनाने विचारताय हे कळतंय पण आपल्याकडचे जंगली साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मग ते चार दिवस असो की चार तास. वनखात्याला कळवा, १९२६ हा त्यांचा हेल्पलाइन नंबर आहे, आणि पकडली त्याच भागात, मुक्कामाला न नेता, लवकरात लवकर सोडा. धामण बागेतले उंदीर खाते, केळी लावणाऱ्या माणसाला तिच्याइतकी कामाची सोबत दुसरी नाही.

तुम्ही जे पाहिलंत ते माइट नाहीत, गोचीडच आहेत, डोळ्याला सहज दिसतात, एका जागी रुतून बसतात. जंगलातल्या धामणीला, अजगराला, घोरपडीला थोडे गोचीड असणं नेहमीचं आहे आणि धडधाकट साप ते सहन करतो. पकडताना ओढून काढू नका, तोंड आत राहतं आणि तिथे पिकतं. साप खूपच मरगळलेला असेल आणि गोचीड पन्नास-शंभर असतील तर वनखात्यामार्फत डॉक्टरकडे न्या, तो इलाज तुमच्या घरात व्हायचा नाही.

आणि घरच्या पायथनचं. माइट्स जंगली सापांवरही असतात आणि तुमच्या पिशवीतून, बाहीतून, साप उचलायच्या हुकावरून घरी येतात. रेस्क्यूची पिशवी उकळत्या पाण्यात धुवा, ती पायथनच्या खोलीत टांगायची नाही, अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय पायथनला हात लावायचा नाही. नागपंचमीच्या आसपास तुम्हाला दिवसाला पाच-सहा कॉल येतात हे मला माहितीये, दमून घरी आल्यावर हे सगळं नको वाटतं, त्या दिवशी मग पायथनकडे जाऊच नका, एक दिवस पाणी दुसऱ्या कोणाला बदलू द्या.

प्रश्न : माइट्स खायला आणलेल्या उंदरांतून येतात का? (अमळनेर)

उत्तर : सापाचा माइट उंदरावर जगत नाही, पण उंदरांचा स्वतःचा एक वेगळा माइट असतो, तो कधीकधी सापालाही चावतो आणि माणसालाही. गोठवलेला उंदीर वितळवून दिला तर ही भीती जवळपास राहत नाही. मात्र ज्या दुकानात उंदीर आणि साप एकाच फळीवर ठेवतात तिथून पिशवीवर बसून सापाचा माइट येऊ शकतो, ती पिशवी सापाच्या खोलीत न्यायची नाही.

प्रश्न : दिवाळीला मी पहिला साप घेणार आहे, घरी मित्राचा एक कॉर्न स्नेक आधीच सांभाळायला ठेवलाय. नवीन आणताना माइट्स येऊ नयेत म्हणून काय बघू? (शहादा)

उत्तर : दुकानात किंवा ब्रीडरकडे गेल्यावर साप बघायच्या आधी त्याचं पाण्याचं भांडं बघा, तळाला काळे ठिपके आहेत का. मग बाजूच्या सापांची भांडी बघा. एकाला असले की सगळ्यांना असतात, मग तुम्हाला आवडलेला साप कितीही सुंदर असू द्या, हात मागे घ्या. पांढऱ्या टिश्यूची परीक्षा तिथेच करू द्या म्हणा, चांगला विकणारा नाही म्हणत नाही. एका मुलाला एका दुकानाने साप देताना सांगितलं होतं की ही पांढरी पूड म्हणजे नवीन कातीचा पावडर आहे, तो बिचारा महिनाभर तसंच समजून राहिला, माझ्याकडे आणला तेव्हा त्या पिल्लाचं तोंड कागदासारखं पांढरं होतं. दोन दिवसांनी गेलं.

आणल्यावर नवीन साप वेगळ्या खोलीत, कमीत कमी दोन महिने, जमलं तर तीन. एक महिना पुरे असं सांगणारे भेटतील, मला तो पुरेसा वाटत नाही कारण पहिल्या दोन आठवड्यांत चार माइट्स असले तर दिसतच नाहीत. खाली पांढरा कागद, भांडं चिमटा हुक सगळं वेगळं. रोज आधी जुन्या सापाचं काम करायचं, नवीनचं शेवटी, उलटं नाही. मित्राचा साप आहे तर ही जबाबदारी दुप्पट.

हा फक्त खाजेचा प्रश्न नाही. माइट एका सापाचं रक्त पिऊन दुसऱ्यावर जातो, एरोमोनास नावाचे जिवाणू तो असे नेतो आणि त्याने रक्तात विष भिनून साप मरतो. बोआ आणि पायथनमध्ये एक विषाणूचा आजार आहे ज्यात साप आकाशाकडे बघत राहतो, तोल जातो, त्याच्यावर इलाज नाही, आणि तोही माइट्समधून पसरत असावा असा संशय आहे.

कागदपत्रांचंही बघा. बॉल पायथन साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची नोंद केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. विकणाऱ्याकडे त्याची नोंद आणि तुमच्या नावावर देण्याचा कागद नसेल तर घेऊ नका. नोंद नसलेला साप आजारी पडला की लोक भीतीने डॉक्टरकडे आणत नाहीत आणि घरीच बाटल्या शोधतात, वर चोपड्याच्या पत्रात काय झालं ते वाचलंच असेल.

प्रश्न : सर, तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं, साप पुसला, टँक धुतला, आठ दिवसांनी परत पुसला. एकही माइट दिसेना म्हणून सगळं परत लावलं. आज बावीस दिवसांनी पुन्हा पाण्यात सहा-सात ठिपके. औषधाला माइट्स सरावले का? की माझंच काही चुकलं? रडू आलं मला. (भुसावळ)

उत्तर : बेटा, औषधाला सरावले असं मला नाही वाटत. बावीस दिवस हा आकडाच सांगतो काय झालं ते.

माझ्याकडे आलेली अगदी पहिली केस अशीच होती. एका घरात सागवानी लाकडाची पेटी, सुताराकडून हौसेने करून घेतलेली, समोर सरकती काच. आम्ही साप स्वच्छ केला, पेटी धुतली पुसली, माइट्स गेले, सगळे खूश. तीन आठवड्यांनी परत. परत तेच केलं, परत तीन आठवड्यांनी आले. तिसऱ्या वेळी मी स्वतः पेटी बघायला गेलो आणि काच सरकते ती अॅल्युमिनियमची पट्टी स्क्रू काढून उचलली तर तिच्याखाली लाकडाच्या खाचेत काळी रेघ होती, जणू कोणी पेन्सिलने मारलीय, आणि ती रेघ हलत होती. तोपर्यंत साप इतका अशक्त झाला होता की वाचला नाही. मी पेटी आधी बघायला हवी होती, मी सापच बघत राहिलो. तेव्हापासून मी सापाआधी टँकचे फोटो मागतो, सगळ्या कोपऱ्यांचे, झाकण उलटं करून.

तुझ्याकडे काय उरलं असेल ते शोध. हीट मॅटच्या खाली आणि तिच्या वायरच्या भोकात बघ, थर्मामीटरच्या मागच्या चिकटपट्टीत, झाकणाच्या जाळीच्या चौकटीत, टँकखालच्या थर्माकोलमध्ये बघ, लपायच्या डब्याच्या आतल्या बाजूला बघ. जुना हुक आणि तुझी सापाची पिशवी धुतलीस का? आणि एक, तू सामान धुवून बाल्कनीत ठेवलंस आणि तेच परत लावलंस ना? रक्त शोधणारं पिल्लू उपाशीपोटी दोन-तीन आठवडे आरामात काढतं, सामान आठ दिवस बाजूला ठेवून काही होत नाही. लाकडाचं काही असेल तर यावेळी टाकूनच दे. बाकीचं उकळतं पाणी.

मग पुन्हा पहिल्यापासून. साधा टब, पांढरा टॉवेल, टब एका मोठ्या परातीत ठेव आणि परातीत साबणाचं पाणी बोटभर, म्हणजे टबातून उतरलेली मादी भिंतीपर्यंत पोचत नाही आणि बाहेरून कोणी आत येत नाही. टबाच्या काठाला बाहेरून दुहेरी चिकटपट्टी लाव, रोज सकाळी ती भिंगाने बघ आणि वहीत तारीख टाकून आकडा लिही. आज सात, उद्या चार, परवा शून्य, असं. डॉक्टरला विचारून औषधाची खेप सात ते दहा दिवसांनी, दोन नाही, तीन वेळा, मधे साप कात टाकायला आला तर कात पडेपर्यंत थांब आणि पडलेली कात लगेच पिशवीत बांधून बाहेर टाक, तिच्या घड्यांत जिवंत माइट्स असतात.

किती दिवस हे विचारशील. शून्य आल्यापासून सहा आठवडे. मधे एक जरी दिसला, पाण्यात, पट्टीवर, तुझ्या हातावर, तरी वहीत नवीन पान काढ आणि सहा आठवडे त्या दिवसापासून मोज. जुना टँक तोपर्यंत रिकामा, उन्हात, आत काही न लावता.